भाऊ, लॅपटॉप कोणता घेऊ? खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

मी जळगावात लॅपटॉप दुरुस्त करतो. विकत नाही. त्यामुळे अमुकच घ्या असं सांगून मला काही सुटत नाही, आणि हे माहीत असल्यामुळेच लोक गोलाणी मार्केटला जायच्या आधी माझ्या टेबलाशी येऊन बसतात. बारावीच्या निकालानंतर एक लाट, धनत्रयोदशीच्या आठवड्यात दुसरी. प्रश्न तेच ते. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

सरळ सांगा ना, कोणता घेऊ?

सांगतो, पण आधी एक कागद घ्या. लॅपटॉपवर चाललंच पाहिजे असं काय काय आहे, ते त्यावर लिहा. प्रोग्रॅमची नावं लिहा आणि त्याला काय काय जोडणार तेही लिहा: प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन.

चोपड्याकडचे एक केळीचे व्यापारी मुलाला घेऊन आले होते. पोरगा मॅकबुक घ्यायचं ठरवूनच आलेला. त्याच्या कागदावर चार गोष्टी होत्या: टॅली, ई-वे बिल, जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि यूट्यूब. ई-वे बिल आणि यूट्यूब ब्राउझरमध्ये चालतं, म्हणजे कशावरही चालतं. टॅली मात्र विंडोजसाठी बनलेलं. विषय तिथेच मिटला. वडिलांनी टेबलावर उघडून ठेवलेल्या, दुसऱ्याच कुणाच्या विंडोज लॅपटॉपकडे बोट दाखवून विचारलं, "मंग हाऊ कितलाना शे?"

कागदावर फक्त ब्राउझर, वर्ड, एक्सेल आणि सिनेमे असतील, तर चारही प्रकार तुमच्यासाठी खुले आहेत. मग बजेट, ऊन आणि दुरुस्तीवाला किती लांब आहे, यावर ठरवा.

हे चार प्रकार म्हणजे नेमके कोणते?

विंडोज मायक्रोसॉफ्टचं, आणि ते पन्नास कंपन्यांच्या लॅपटॉपवर येतं. म्हणून पंचवीस-तीस हजारांपासून तीन लाखांपर्यंत सगळं मिळतं आणि दर्जाही तसाच वर-खाली होतो. मॅकमध्ये लॅपटॉप आणि आतली प्रणाली दोन्ही ॲपलचीच, दुसरी कंपनी मधे नाही. लिनक्स फुकट; १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने सुरू केलेलं, आज उबुंटू, मिंट अशा अनेक रूपांत मिळतं. क्रोमबुक गुगलचं, जवळजवळ सगळं काम ब्राउझरमधून.

टॅली, डिजिटल सही, अंगठा यासाठी विंडोजच लागतं का?

व्यवहारात हो. सरकारी पोर्टल ब्राउझरमध्ये उघडतं म्हणून लोक फसतात. पोर्टल उघडेल हो, पण सही करायची वेळ आली की पेन ड्राइव्हसारखं दिसणारं ते टोकन लॅपटॉपने ओळखायला हवं, आणि त्यासाठी त्या टोकनच्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे टोकनची लॅपटॉपशी ओळख करून देणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो. तो विंडोजसाठी हमखास मिळतो. मॅक आणि लिनक्ससाठी काही कंपन्या देतात, काही देत नाहीत, आणि दिला तरी अडलं तर फोनवर समजावणारा माणूस मिळत नाही. आधारच्या अंगठ्याच्या मशीनचं तेच. सेवा केंद्र चालवणार असाल तर विंडोज घ्या आणि दुसरा विचार करू नका.

पण विंडोजमध्येही आता दोन जाती झाल्यात, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही. एकात इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असतो. दुसऱ्यात स्नॅपड्रॅगन, म्हणजे मोबाइलच्या घराण्यातला. स्नॅपड्रॅगन एक्सवाले लॅपटॉप जून २०२४ पासून बाजारात आले. पातळ, गार, बॅटरी दिवसभर. जुने प्रोग्रॅम त्यावर विंडोज स्वतः भाषांतर करून चालवतं आणि बहुतेक नीट चालतात. ड्रायव्हरचं मात्र भाषांतर होत नाही. तो त्या प्रोसेसरसाठी मुद्दाम बनवलेलाच लागतो.

धुळ्याचे एक करसल्लागार असा लॅपटॉप घेऊन आले होते. टोकन लावलं की दिवा लागायचा, पडद्यावर काहीच नाही. विवरणपत्राची शेवटची तारीख दोन दिवसांवर. मी तीन तास घालवले. शेवटी त्यांच्या पोराच्या जुन्या लॅपटॉपवर सही केली. लॅपटॉप उत्तम होता, वापरणाराही हुशार, फक्त जोडी जमत नव्हती. तेव्हा खोक्यावर प्रोसेसरचं नाव वाचा.

मुलगी इंजिनिअरिंगला जाते आहे. कॉलेजवाले म्हणतात "चांगला घ्या". म्हणजे काय?

शाखा सांगा. मेकॅनिकल किंवा सिव्हिल असेल तर विंडोज, डोळे मिटून. सॉलिडवर्क्स, कॅटिया विंडोजवरच चालतात. ऑटोकॅड मॅकसाठी आहे, पण ते विंडोजच्या आवृत्तीइतकं भरलेलं नाही, आणि प्रॅक्टिकलला सर जे बटण दाबायला सांगतील ते मुलीच्या पडद्यावर नसलं की ती शेजारणीच्या लॅपटॉपवर काम करेल. १६ जीबी रॅम आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला घ्या.

कॉम्प्युटर किंवा आयटी असेल तर तिन्ही चालतं. माझा कल इथे विंडोजचा लॅपटॉप घेऊन त्यातच लिनक्स वापरण्याकडे आहे. विंडोजच्या पोटात लिनक्स चालवायची सोय मायक्रोसॉफ्टनेच दिलेली आहे, फुकट. आयफोनसाठी ॲप बनवायचं असेल तर मात्र मॅकला पर्याय नाही. पण पहिल्या वर्षाला कोणी आयफोनचं ॲप बनवत नाही. पोरं तसं घरी सांगतात, एवढंच.

बीकॉम, बीए, डीएड वगैरे असेल तर साधा लॅपटॉप पुरे. उरलेल्या पैशात खोलीसाठी चांगली खुर्ची घ्या, खरंच.

मॅकबुकचं एवढं कौतुक खरं की हवा?

बरंचसं खरं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या एम१ चिपचे लॅपटॉप काढले आणि तिथून चित्र बदललं. बॅटरी खरोखर दिवसभर जाते, मॅकबुक एअर या पातळ नमुन्यात पंखाच नाही म्हणून आवाज नाही, पाच वर्षांनी विकायला काढला तरी गिऱ्हाईक मिळतं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून नव्या एअरमध्ये कमीत कमी १६ जीबी रॅम आली, तेव्हापासून तर सगळ्यात स्वस्त एअरही साध्या माणसाला पाच-सहा वर्षं पुरेल असा झाला.

आता दुरुस्तीवाल्याच्या बाजूने. रॅम आणि स्टोरेज नंतर वाढवता येत नाही, दुकानात ठरवलं ते शेवटपर्यंत. पडदा फुटला तर बिल ऐकून माणूस खाली बसतो. विंडोजमध्ये भरलेल्या पोर्टेबल हार्ड डिस्कवरचं मॅक वाचतं, पण त्यावर लिहीत नाही. त्यासाठी डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावी लागते आणि त्यात आधीचं सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो असलेली डिस्क घेऊन कितीजण रडत आलेत ते मी मोजायचं सोडलं. पूर्वी मॅकमध्ये बूट कॅम्पने विंडोज टाकता यायचं, ॲपलच्या चिपवर ते बंद झालं. पॅरेलल्ससारखा प्रोग्रॅम विकत घेऊन खिडकीत विंडोज चालवता येतं, पण ते स्नॅपड्रॅगनच्या जातीचं विंडोज, म्हणजे वरच्या करसल्लागारांचीच गोष्ट पुन्हा.

आणि पंचवीस-तीस हजारांत मिळणारा इंटेलवाला जुना मॅक घेऊ नका. मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती, हे ॲपलनेच २०२५ मध्ये जाहीर केलं आहे, आणि तीही त्यातल्या मोजक्याच मॉडेलवर.

आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असतं. त्याने काय फरक पडतो?

हा प्रश्न पुण्याच्या यूट्यूबवाल्यांना कोणी विचारत नाही, म्हणून जरा सविस्तर.

ॲपल स्वतः सांगते की मॅक लॅपटॉप १० ते ३५ अंश तापमानात वापरा. बहुतेक विंडोज लॅपटॉपच्या माहितीपत्रकातही वरचा आकडा ३५ च्या आसपासच असतो. भुसावळ-जळगावकडे मार्चच्या शेवटीच दुपारी पारा तो आकडा ओलांडून गेलेला असतो. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत, कुठलाही लॅपटॉप कंपनीने सांगितलेल्या मर्यादेबाहेरच चालतो. तो लगेच बंद पडत नाही. आधी स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि तुम्ही म्हणता "हँग होतोय".

पंखा नसलेल्या मॅकबुक एअरवर दुपारी दोनला व्हिडिओ एडिट करायला बसलात तर तो काही मिनिटांतच मंदावेल. टायपिंगला काही होणार नाही. पंखा असलेला लॅपटॉप जास्त वेळ दम धरतो, पण त्याचा पंखा धूळ खातो. कापसाच्या हंगामात जिनिंगकडून आलेल्या लॅपटॉपचा पंखा उघडला की त्यामागे जाळीवर नमद्यासारखा थर निघतो, बोटाने अख्खा उचलता येतो. असा लॅपटॉप वर्षातून एकदा, होळीच्या आधी, उघडून साफ करून घ्या. गेमिंग लॅपटॉपला दोनदा.

सगळ्यात जास्त नुकसान मी पाहिलंय ते कूलरमुळे. कूलरच्या समोर टेबल, टेबलावर लॅपटॉप. वाळ्याच्या पडद्यातून ओली हवा सुटते, बारीक थेंब येतात आणि त्यासोबत पाण्यातला क्षार. जूनमध्ये असा लॅपटॉप उघडला की यूएसबीच्या पोर्टभोवती पांढरी-हिरवी बुरशी दिसते. ती बुरशी नसते, तांबं खाल्लेलं असतं. लॅपटॉप कूलरच्या बाजूला ठेवा, तोंडासमोर नको.

बॅटरीला उष्णता सोसत नाही, त्यात ती सतत शंभर टक्के भरलेली असेल तर आणखीनच. बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. एप्रिल ते जून ती चालू ठेवा. आणि चारचाकीत, उन्हात, काचा लावून लॅपटॉप कधीच ठेवू नका.

लाइट जाते तेव्हा?

इन्व्हर्टरवर साधा लॅपटॉप म्हणजे काहीच ओझं नाही. १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. गळती-बिळती धरून निम्म्याच्या थोडी वर हाती लागते असं समजा. छताचा जुना पंखा ७५ वॅट खातो. मॅकबुक एअर किंवा स्नॅपड्रॅगनवाला ब्राउझर चालवताना त्याच्या कितीतरी कमी. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर २०० वॅटच्या वर जातो, तो मात्र घरातले तीन पंखे एकटा गिळतो.

चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं, त्यामुळे कमी दाबाची काळजी नको. डीपीवर न्यूट्रल तुटला की दाब एकदम चढतो आणि चार्जर जातो. बहुतेक वेळा तो स्वतः मरून लॅपटॉपला वाचवतो. म्हणून टाइप-सी चार्जिंगचा लॅपटॉप घ्या. तसला चार्जर कुठल्याही तालुक्याला मिळतो.

जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ येत नाही. भंगारात घालू का?

थांबा. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणून २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप बाहेर पडले. ते बंद पडलेत असं नाही. फक्त सुरक्षेतली नवी भोकं आपोआप बुजवली जात नाहीत, आणि त्यावर बँकेचं काम करणं शहाणपणाचं नाही.

हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान डिस्क, टाका आणि लिनक्स मिंट चढवा. आई-वडिलांना भजनं, बातम्या, व्हिडिओ कॉल यासाठी तो लॅपटॉप आणखी चार-पाच वर्षं जाईल. फक्त आधी सगळ्या फायली बाहेर काढा. मी एकदा घाईत माझ्याच मेव्हण्याच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. डी ड्राइव्हमध्ये त्याच्या दुकानाचे तीन वर्षांचे टॅलीचे हिशेब होते. अजून तो चारचौघांत ती गोष्ट काढतो, आणि मी भरीत वाढायला उठतो.

लिनक्स आमच्यासारख्यांना जमेल का?

वापरायला जमेल, बिघडलं तर अडचण. रोजचं काम विंडोजपेक्षा वेगळं वाटत नाही. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवतात, आपल्या सी-डॅकनेही बॉस नावाचं भारतीय लिनक्स काढलं. पण लिब्रेऑफिस या वर्डच्या फुकट पर्यायामध्ये बनवलेली फाइल वर्डमध्ये उघडली की टेबल कधीकधी सरकतं, आणि प्रिंटर घेताना तो लिनक्सवर चालतो का हे आधी बघावं लागतं. घरात एक तरी उचापती पोरगा किंवा पोरगी असेल तर जरूर घ्या.

मराठी टायपिंग कशावर चांगलं?

आता सगळ्यावर. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीचा ठरलेला कीबोर्ड, तर आहेच, २०१९ पासून इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्डही आत आहे. मॅकमध्ये आणि लिनक्समध्येही दोन्ही पद्धती आहेत. मी इनस्क्रिप्ट शिका म्हणतो, कारण ते एकदा बोटात बसलं की विंडोज असो, मॅक असो, लिनक्स असो, बोटं तीच. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. "दऱ्या" लिहिताना अडतं ना? शिफ्ट धरून र ची कळ दाबा, ऱ येतो. मग हलन्त आणि य. तीच युक्ती "तऱ्हा"ला.

खरी अडचण कृतीदेव आणि श्रीलिपी या जुन्या फॉन्टांची आहे. तुमच्या संस्थेत, पतपेढीत, डीटीपीच्या दुकानात जुनी कागदपत्रं त्यात असतील तर ती युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं, नाहीत. फॉन्ट नसलेल्या लॅपटॉपवर उघडलीत तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. फॉन्ट मॅकवर टाकता येतो, पण टायपिंगची जुनी साधनं बहुतेक विंडोजचीच. टायपिंगच्या क्लासला जाणार असाल तर क्लासमध्ये जे आहे तेच घरी ठेवा. अहिराणीसाठी वेगळं काही लागत नाही, देवनागरीच ती.

क्रोमबुक स्वस्त दिसतंय.

शाळकरी मुलाला, घरी चांगला वायफाय असेल तर, चालेल. गुगल क्रोमबुकला दहा वर्षं अपडेट देते, पण ती दहा वर्षं तुम्ही घेतल्यापासून नाही, तो नमुना बाजारात आल्यापासून मोजतात. तेव्हा खोक्यावरची तारीख नाही, नमुन्याचं वय बघा. धडगाव-अक्कलकुव्याच्या शिक्षकांना मी नाही म्हणतो. फायली ऑफलाइन उघडतात, पण रेंजसाठी टेकडीवर चढावं लागत असेल तर ब्राउझरवर जगणारा लॅपटॉप कशाला?

दुकानदार म्हणतो, डॉसवाला घ्या, विंडोज मी टाकून देतो. पाच हजार वाचतील.

तो क्रॅक टाकणार. क्रॅक चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि तो तसाच बंद राहतो. माझ्याकडे फायली कुलूपबंद होऊन, पैशांची मागणी पडद्यावर घेऊन येणाऱ्या लॅपटॉपांत असे बरेच असतात. पाच हजार वाचवायचेच असतील तर डॉसवाल्यावर लिनक्स टाका. तिथे चोरी नाही.

रॅम किती, स्टोरेज किती?

१६ जीबी, ५१२ जीबी एसएसडी. रॅम नंतर टाकू असं पूर्वी मी सांगायचो. आता सांगत नाही: पातळ लॅपटॉपांत ती बोर्डालाच चिकटवलेली असते, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भावही जोरात चढले.

ऑनलाइन घेऊ की दुकानातून?

भाव दोन्हीकडे काढा, पण आधी कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड टाकून सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते बघा. नंदुरबारकरांना सुरत, रावेरकरांना इंदूर आणि चाळीसगावकरांना नाशिक सोयीचं पडतं. त्यात एक दिवस, भाडं आणि दुसऱ्यांदा आणायला जाणं धरा. "ऑनसाइट" वॉरंटी म्हणजे माणूस घरी येतो, "कॅरी-इन" म्हणजे तुम्ही जायचं. खेड्यावर राहत असाल तर ऑनसाइटसाठी दोन हजार जास्त गेले तरी द्या. धंद्यासाठी घेत असाल तर बिलावर स्वतःचा जीएसटी क्रमांक टाकून घ्या. ५९,००० च्या लॅपटॉपमध्ये १८ टक्क्यांनी ९,००० कर असतो, त्याचं क्रेडिट मिळतं. बिल नको, दोन हजार कमी करतो असं कोणी म्हटलं तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा.

जुना, कंपनीतून निघालेला घेतला तर?

मी स्वतः तसाच वापरतो. कंपन्यांतून निघालेले बिझनेस लॅपटॉप मजबूत असतात आणि सहज उघडतात. तीन गोष्टी दुकानातच बघा. प्रोसेसर इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा आहे का. चार्जर काढून वीस मिनिटं चालतो का. आणि लॅपटॉप पूर्ण रीसेट करायला लावा, रीसेटनंतर तो जुन्या कंपनीचा ईमेल किंवा आधीच्या मालकाचा ॲपल आयडी मागत नाही ना. मागितला तर परत ठेवा. ते कुलूप माझ्याने उघडत नाही, आणि उघडतो म्हणणाऱ्याकडे मी जाणार नाही.

घेतल्यावर पहिल्या दिवशी काय करू?

त्या कागदावर लिहिलेलं एकेक लावून बघा. टोकन लावा, प्रिंटरवर एक पान काढा, टॅलीचा जुना डेटा उघडा. दुकानाची किंवा ऑनलाइनची परत घ्यायची मुदत असते ती थोड्या दिवसांचीच, आणि दिवाळीत घेतलेला लॅपटॉप पहिल्यांदा मार्चएंडला टोकन लावून बघणारे लोक मला दर वर्षी भेटतात. बिलाचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा. खोकं माळ्यावर टाका, फेकू नका. सुरतला लॅपटॉप पाठवायची वेळ आली तर तेच लागतं.